आमोरिमची ३-४-२-१: वर्षभराच्या वापरानंतर

इद्रिसा गेयेने स्वतःच्याच संघातल्या मायकल कीनच्या थोबाडीत मारली आणि १३व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. तिथून पुढे एव्हर्टन दहाजणांनी खेळलं, २९व्या मिनिटाला गोल केला आणि मँचेस्टर युनायटेडच्या घरच्या मैदानावरून, ओल्ड ट्रॅफर्डवरून, १-० ने जिंकून गेलं. तारीख २४ नोव्हेंबर २०२५. बरोबर वर्षापूर्वी, २४ नोव्हेंबर २०२४ ला, तेव्हाचा मॅनेजर रूबेन आमोरिमच्या हाताखाली युनायटेडचा पहिला सामना इप्सविचला झाला होता. म्हणजे त्याची ३-४-२-१ ही रचना त्या दिवशी पूर्ण वर्ष वापरून झाली. ठाम मत द्यायला एवढा वापर पुरे.

रचना थोडक्यात अशी: मागे तीन सेंटर-बॅक, मधे चौघं (कडांना दोन विंग-बॅक, आत दोन मिडफिल्डर), त्यांच्या पुढे दोन आक्रमक ‘दहा नंबर’ आणि सर्वांत पुढे एक स्ट्रायकर. स्पोर्टिंगला याच रचनेवर आमोरिमने २०२०-२१ आणि २०२३-२४ अशा दोन लीग जिंकून दिल्या, तेव्हा माणूस कच्चा नाही. युनायटेडमध्ये मात्र पहिल्या हंगामात त्याच्या वाट्याच्या २७ लीग सामन्यांत २७ गुण आणि १४ पराभव. संघ ४२ गुणांवर, १५व्या क्रमांकावर. २०२५-२६ हंगामात एव्हर्टनच्या सामन्यापर्यंत १२ सामन्यांत १८ गुण, १९ गोल केले, १९ खाल्ले. सुधारणा होती, नाकारत नाही. पण मूळ दोष तसाच होता, मधल्या काळात तो फक्त दिसत नव्हता.

दोष मधल्या फळीतल्या दोघांचा. दोघं कोण यापेक्षा ते दोनच आहेत, हा. चेंडू समोरच्याकडे असला की विंग-बॅक मागे येतात आणि तीनचे पाच होतात. पुढचे तिघं प्रेस करायला, म्हणजे समोरच्यावर दबाव टाकून चेंडू हिसकावायला, वर राहतात. उरतात मध्ये दोघं, आणि मैदानाची रुंदी ६८ मीटर. कॅसेमिरो तेव्हा ३३ वर्षांचा, ब्रुनो फर्नांडिस ३१ चा आणि स्वभावाने पुढे धावणारा. समोर तीन मिडफिल्डर असले, आणि लीगमधल्या बहुतेक संघांचे असतातच, तर एकजण कायम मोकळा. हे कसं उलगडतं ते पाहा. समोरचा गोलरक्षक सेंटर-बॅकला देतो, सेंटर-बॅक आपल्या खोलवर खेळणाऱ्या मिडफिल्डरला. कॅसेमिरो त्याच्यावर बाहेर येतो. कॅसेमिरोने सोडलेल्या जागेत दुसरा मिडफिल्डर उभा असतो, म्हणून ब्रुनोला आत सरकावं लागतं. ब्रुनो आत आला की पलीकडची बाजू रिकामी. तीन पास, फार तर चार. यात कुणाचा आळस नाही, कुणाची हिंमत कमी पडत नाही. माणसंच कमी आहेत.

त्या हंगामात तोवर युनायटेडवर गोल कुणी केले ते आठवा. मँचेस्टर सिटीचा फोडेन, फुलहॅमचा स्मिथ रो, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा गिब्स-व्हाइट, आणि मग एव्हर्टनचा ड्यूसबरी-हॉल. चौघेही मधून उशिरा वर येणारे खेळाडू. स्ट्रायकरला तीन सेंटर-बॅक धरून ठेवतात, तिथे माणसं भरपूर. मागून येणारा मात्र कुणाचाच नसतो. सेंटर-बॅकला वाटतं मिडफिल्डरने धरावा, मिडफिल्डर तोवर दुसरीकडे ओढला गेलेला असतो. ड्यूसबरी-हॉलने बॉक्सच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) बाहेर ब्रुनोला चकवलं, त्यानंतर आडवा आला तो थेट सेंटर-बॅक योरो. त्यालाही मागे टाकून चेंडू वळवत वरच्या कोपऱ्यात. ब्रुनोच्या मागे, योरोच्या पुढे तिसरा माणूस असता तर हा फटकाच बसला नसता.

त्या सामन्यातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र गोलची नाही. समोरचे दहाजण झाले, पुढे त्यांचा एकच आक्रमक उरला, आणि युनायटेडचे तीन सेंटर-बॅक मध्यंतरापर्यंत मैदानावर राहिले. एका माणसासाठी तिघं. यातल्या एकाला बाहेर काढून मधे किंवा पुढे माणूस घालणं हा तिथला साधा उपाय. बदली वाया घालवायची नसेल तर ल्यूक शॉला डावीकडून मधल्या फळीत ढकला. तो पूर्वापार लेफ्ट-बॅक आहे, त्याला चेंडू घेऊन पुढे सरकता येतं. १४व्या मिनिटाला बाजूच्या रेषेवरून ओरडून करता येण्यासारखं हे काम. अर्धा सामना त्यासाठी वाट पाहण्यात गेला, आणि गोल त्याच काळात बसला.

आता ऑक्टोबरबद्दल, कारण तो महिना सोडून दिला तर हे परीक्षण खोटं ठरेल. सप्टेंबर संपताना ब्रेंटफर्डकडून १-३ हरल्यावर ही रचना ताबडतोब टाकून द्यावी, असंच माझं मत होतं. मग सुंदरलंड २-०, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर २-१, ब्रायटन ४-२. अ‍ॅनफिल्डवर लीगमधला विजय जानेवारी २०१६ नंतर पहिला. आमोरिमच्या हाताखाली लीगमध्ये सलग दोन विजयही तेव्हाच पहिल्यांदा, अकरा महिन्यांनी. अ‍ॅनफिल्डवर सेंटर-बॅक मॅग्वायरचा ८४व्या मिनिटाचा हेडर पाहून जो आनंद झाला तो खरा होता, आणि रचनेला आणखी वेळ द्यावा असं मत तेव्हा बदललंही. पण ते विजय कसे आले हे नीट पाहिलं की चित्र वेगळं दिसतं.

फरक पाडला तो गोलरक्षकाने. सेने लॅमेन्स सुंदरलंडविरुद्ध पहिल्यांदा उतरला. तो क्रॉस हातात घेतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागे पास-पास न खेळता चेंडू लांब मारतो. पुढे कुन्या, एम्बेमो आणि शेश्को लांब चेंडूवर धावायला, झुंजायला तयार. चेंडू लॅमेन्सच्या पायातून थेट पुढच्या तिघांकडे गेला की मधल्या दोघांची उणीव भासतच नाही, कारण खेळ त्यांच्या डोक्यावरून चाललेला असतो. लिव्हरपूलसारखा वर चढून खेळणारा संघ मागे जागा सोडतो, तिथे हे छान चालतं. अ‍ॅनफिल्डवर एम्बेमोचा गोल पहिल्याच काही क्षणांत आला तो अशाच मोकळ्या जागेत धावून.

दहाजणांचं एव्हर्टन जागा सोडणार नव्हतं. बॉक्सभोवती दोन ओळी करून उभं राहिलं. त्यात कुन्या आणि शेश्को दोघेही दुखापतीने बाहेर. लांब चेंडूचा मार्ग बंद, म्हणजे मधून बांधून खेळायचं, आणि तिथेच माल नाही. चेंडू शॉकडे, शॉकडून विंग-बॅक दोर्गूकडे, दोर्गूकडून परत, मग क्रॉस. कीन आणि टार्कोव्हस्कीला असे क्रॉस रात्रभर परतवता येतात.

फॉरेस्ट आणि टॉटनहॅमविरुद्धच्या २-२ बरोबऱ्यांतही खुणा होत्याच. फॉरेस्टने मध्यंतरानंतर ४८व्या आणि ५०व्या मिनिटाला दोन गोल केले. टॉटनहॅमने शेवटच्या काही मिनिटांत आघाडी घेतली, तीही कॅसेमिरो बाहेर गेल्यानंतर, आणि ९६व्या मिनिटाला डी लिख्टच्या गोलने वाचवलं. दोन्ही वेळा आधी आघाडी युनायटेडची होती. सातत्य नाही म्हणून खेळाडूंच्या मानसिकतेवर खापर फोडणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कॅसेमिरो थकला किंवा समोरच्या मॅनेजरने मधे एक माणूस वाढवला की हा संघ ढासळतो, आणि दोन्ही गोष्टी वेळ लावून होतात.

पैशांचं सांगायलाच हवं. २०२५ च्या उन्हाळ्यात कुन्यासाठी ६.२५ कोटी पौंड, एम्बेमोसाठी ६.५ कोटी पौंड आणि वर बोनस, शेश्कोसाठी ७.६५ कोटी युरो आणि वर बोनस. तिन्ही आक्रमक. मधल्या फळीसाठी एक पैसा नाही. ब्रायटनचा मिडफिल्डर बालेबाकडे डोळे लागले होते, तो मिळाला नाही, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी शोधला नाही. स्कॉट मॅकटॉमिने २०२४ मध्येच नापोलीला विकला गेला होता. तिथे पहिल्याच हंगामात त्याने ‘सेरी आ’ ही इटलीची लीग जिंकली आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉक्समध्ये उशिरा पोचणारा मिडफिल्डर असा हातचा घालवायचा आणि वर्षभर त्याच जातीच्या खेळाडूंकडून गोल खायचे, हे चीड आणणारं आहे.

घरात एक उपाय होता, तो वापरला जात नव्हता. मिडफिल्डर कोबी मेनू, तेव्हा २० वर्षांचा, दबावाखाली वळून निघणारा, दोन माणसांमधून चेंडू काढणारा. त्या हंगामात तोवर लीगमध्ये एकदाही सुरुवातीच्या अकरात नव्हता. तो ब्रुनोच्या जागेसाठी स्पर्धेत आहे असं आमोरिम सांगायचा. दोनच जागा असल्या की असंच होणार. तीन ठेवा: कॅसेमिरो मागे, मेनू मधे, ब्रुनो पुढे, म्हणजे ब्रुनो पुन्हा गोलजवळ जाईल, जिथे तो सर्वांत उपयोगी आहे. त्यासाठी एक सेंटर-बॅक कमी करावा लागेल. बस्स, इतकंच.

यावर नेहमी येणारं उत्तर क्रिस्टल पॅलेसचं. पॅलेसचा तेव्हाचा मॅनेजर ग्लासनर हीच रचना खेळवायचा, मे २०२५ मध्ये याच रचनेने सिटीला हरवून एफए कप जिंकला, तेव्हा दोष रचनेचा कसा? आक्षेप योग्य आहे. पण पॅलेसचे दोन दहा नंबर चेंडू गेला की आत आणि मागे यायचे, मिडफिल्डर व्हॉर्टन आणि कामादाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, म्हणजे मधे प्रत्यक्षात चौघं व्हायचे. शिवाय पॅलेस वर चढून प्रेस करण्याचा हट्ट धरत नव्हतं. युनायटेडमध्ये हे मागे येण्याचं काम मनापासून करायचा तो फक्त मेसन माउंट. एम्बेमो आणि कुन्या वरच राहायचे, आणि त्यांना वर राहायलाच घेतलं होतं. रचना एक, पण युनायटेडने तिच्यातले भाग चुकीचे विकत घेतले.

म्हणून माझा राग हरण्यावर कमी आणि बदल्यांवर जास्त आहे. गोल हवा असताना सेंटर-बॅकच्या जागी सेंटर-बॅक, विंग-बॅकच्या जागी विंग-बॅक. आकार तसाच ठेवायचा, माणसं फिरवायची. पोप आले तरी मी रचना बदलणार नाही, असं आमोरिम सप्टेंबर २०२५ मध्ये म्हणाला. पण शेवटच्या दहा मिनिटांत तो स्वतःच ती मोडायचा, मॅग्वायरला स्ट्रायकर म्हणून पुढे पाठवायचा. एप्रिल २०२५ मध्ये लियाँविरुद्ध २-४ वरून ५-४ झालं ते असंच, मॅग्वायरच्या गोलने. बिल्बाओच्या युरोपा लीग अंतिम सामन्यात तोच प्रयोग टॉटनहॅमविरुद्ध फसला, ०-१. ग्रिम्सबीसारख्या चौथ्या श्रेणीतल्या संघाविरुद्ध लीग कपमध्ये ०-२ पिछाडी भरून काढली आणि पेनल्टींवर ११-१२ ने हरलो. ८०व्या मिनिटाला जे मोडता येतं ते १४व्या मिनिटाला मोडायला काय हरकत आहे, याचं उत्तर कुठल्याही पत्रकार परिषदेत मिळालेलं नाही.

या रचनेतला युनायटेडचा कुठलाही सामना बघताना एक तपासून पाहा. समोरच्यांची गोल-किक असेल तेव्हा चेंडूकडे न बघता मधल्या वर्तुळाकडे बघा. त्यांचे किती, आपले किती, मोजा. तीनला दोन दिसले तर आपला कडेचा सेंटर-बॅक वर सरकतो का ते पाहा. सरकला तर त्याच्या पाठीमागच्या पट्ट्यात धाव कोण घेतंय तिकडे नजर ठेवा. नाहीच सरकला, तर धोका बॉक्सच्या कडेवर.

एव्हर्टननंतरच्या रविवारी, ३० नोव्हेंबर २०२५ ला, सेलहर्स्ट पार्कवर पॅलेस होतं. तेही ३-४-२-१ खेळायचे, म्हणजे चेंडू त्यांच्याकडे असताना मधे दोनाला दोनच, आणि ही उणीव तिथे फारशी दिसण्यासारखी नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांच्याकडून ०-२ हरलो होतो, त्यामुळे तिथल्या विजयाचा आनंद असणारच. पण तो दुरुस्तीचा पुरावा धरू नका. तो पुरावा मागायचा तो त्यानंतरच्या वेस्ट हॅमच्या सामन्यात, घरच्या मैदानावर, समोरचा संघ मागे बसलेला असताना.