मालागा विमानतळावरची पाच युरोंची गाडी

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागाला जाणार असाल आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या भाड्याची गाडी घ्यायचं मनात असेल, तर बुकिंग करण्याआधी एवढं वाचाच. आमच्याकडून सहाशे युरो काढले गेले. त्यातले जवळपास निम्मे भांडून परत मिळवले, बाकीचे गेलेच.

भाड्यांची तुलना करणाऱ्या साइटवर आम्हाला रोजचं पाच युरो भाडं दिसलं. सोबत सासू-सासरे, आईंचे गुडघे दुखरे, म्हणून दारापासून दारापर्यंत गाडी असावी एवढाच विचार. त्याच साइटवर वेगळे पैसे भरून पूर्ण विमाही घेतला. ह्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. कागदपत्रं चोख होती.

कंपनीचं ऑफिस टर्मिनलमध्ये नव्हतंच. मिनीबसने विमानतळाबाहेर नेलं आणि रात्री मोठ्या रांगेत उभं केलं. नंबर आल्यावर काउंटरवरची बाई म्हणाली, तुमचा ऑनलाइन विमा आमच्याकडे चालत नाही. आमचा घ्या, नाहीतर बाराशे युरो अनामत म्हणून कार्डावर ब्लॉक होतील. डेबिट कार्ड चालणार नाही आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. ह्यांच्या कार्डाची परदेशी मर्यादा तेवढी नव्हती. बाबा बाकावर पेंगत होते, बाहेर शेवटची मिनीबस सुटायच्या बेतात होती, आणि हे सगळं त्या बाईला दिसत होतं. आमच्या पुढच्या कुटुंबालाही तिने अगदी हेच, ह्याच क्रमाने सांगितलं होतं.

सही टॅब्लेटवर. मजकूर पूर्ण स्पॅनिश, आणि ती स्वतःच पेनाने तो वर सरकवत शेवटच्या चौकोनावर बोट ठेवत होती. इंग्रजी प्रत मागितली तर म्हणाली, ईमेलवर येईल. ईमेल आली तेव्हा कळलं की विम्याचे 215 युरो लागलेत आणि पेट्रोलचे 95. पेट्रोलचा करार असा की भरलेल्या टाकीचे पैसे त्यांच्या दराने आधीच द्यायचे, वर सेवाशुल्क, आणि उरलेलं पेट्रोल त्यांचं. शिवाय मशीनवर रक्कम रुपयांत घेतली होती, म्हणजे विनिमयाचा दरही त्यांच्या सोयीचा. मशीन पुढे आलं की रुपये की युरो असा पर्याय येतो. तो तुम्ही स्वतः दाबा आणि युरोच दाबा.

खरा घाव गाडी परत करताना. एक माणूस टॉर्च घेऊन मागच्या उजव्या चाकाशी गुडघ्यावर बसला, रिमच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, हे नवीन आहे. गाडीच्या चित्राचा जो कागद घेताना दिला होता, त्यावर दरवाज्याच्या ओरखड्याला फुली होती, चाकाला नव्हती. ह्यांनी सांगितलं, तुमचाच पूर्ण विमा घेतलाय. त्यावर उत्तर असं की त्यात चाकं आणि काचा येत नाहीत. तेव्हा पैसे मागितले नाहीत, फक्त फोटो काढला. आम्ही घरी पोचल्यावर मोबाइलवर मेसेज आला : 290 युरो वजा.

ओटीपी आला नव्हता. आपल्याकडे ओटीपीशिवाय कार्डावरून पैसे जात नाहीत अशी आपल्याला सवय असते, पण ती सक्ती देशातल्या व्यवहारांना आहे. परदेशातल्या व्यापाऱ्याकडे तुमचं कार्ड नोंदलेलं असेल तर तो नंतरही, तुम्हाला न विचारता, रक्कम खेचू शकतो. म्हणून गाडी परत करून ब्लॉक सुटला की बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार लगेच बंद करा.

ते 290 परत मिळाले ते ह्यांच्या व्हिडिओमुळे. ताबा घेताना त्यांनी पार्किंगमध्येच गाडीभोवती फिरून चित्रण केलं होतं आणि त्यात चारही रिम्स येतात. त्या उजव्या रिमवरचा ओरखडा स्पष्ट दिसतो, खाली तारीख-वेळ. बँकेत डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे हा खर्च मान्य नाही असा तक्रारअर्ज, भरला, सोबत तो व्हिडिओ, करार आणि चित्राचा कागद. कित्येक महिने गेले, पण रक्कम उलटली. विमा आणि पेट्रोलवर मात्र सही होती, तिथे बँकेने हात वर केले.

आणखी एक हत्यार तिथेच उपलब्ध असतं. मालागा ज्या प्रदेशात येतं त्या आंदालुसियात प्रत्येक व्यावसायिकाने सरकारी तक्रारपत्र ठेवणं आणि मागितल्यावर देणं बंधनकारक आहे. 'ओहा दे रेक्लामासिओनेस' एवढं म्हणा. भरलेल्या पत्राची एक प्रत तुमच्याकडे राहते. बँकेला द्यायला त्याहून चांगला कागद नाही.

मनाला सर्वात लागतं ते हे की मालागा शहरासाठी गाडी लागतच नाही. टर्मिनल 3 मधून बाहेर पडलं की समोरच लोकल गाडीचं स्टेशन आहे. सी-1 मार्गाची गाडी साधारण दर वीस मिनिटांनी सुटते आणि बारा-एक मिनिटांत शहराच्या मध्यावरच्या सेंत्रो-आलामेदा स्टेशनला पोचवते. तिकीट दोन युरोंच्या आसपास. त्याच्या आधीचं स्टेशन मारिया सांब्रानो, जिथे माद्रिदहून अडीच-तीन तासांत येणारी हायस्पीड गाडी थांबते आणि शेजारीच बसस्थानक आहे. उलट्या दिशेने तीच लोकल तोर्रेमोलिनोस, बेनाल्मादेना करत फुएन्खिरोलापर्यंत जाते, म्हणजे बहुतेक किनाऱ्यांची सोय झाली. नेर्खा आणि मार्बेयाला रेल्वे नाही, पण बस जातात. जुन्या शहरातला लारिओस रस्ता तर फक्त पायी चालणाऱ्यांचा. आमची गाडी बहुतेक वेळ पैसे देऊन पार्किंगमध्येच उभी होती आणि आई त्या लोकलमधून आरामात हिंडल्या.

डोंगरातल्या पांढऱ्या घरांच्या गावांना फिरायचं असेल तर गाडीचा उपयोग आहे, हे खरं. मग काउंटर टर्मिनलमध्ये असलेली कंपनी घ्या. भरलेली टाकी घ्यायची आणि भरूनच द्यायची असा करार हवा. अनामत किती आणि चाकं-काचा विम्यात आहेत का, हे बुकिंगआधी लेखी मागा. रक्कम गेली तर डिस्प्यूट फॉर्म स्टेटमेंट आल्याबरोबर भरा, कारण बँकेला त्याची मुदत असते.