फिश टँकवरची रंग बदलणारी थर्मामीटर पट्टी: घ्यावी का?

टँकच्या काचेला बाहेरून चिकटवायची ती काळी पट्टी असते ना, १८ ते ३४ आकडेवाली, ती मुंबईला गेले होते तेव्हा क्रॉफर्ड मार्केटमधून घेतली आणि नाशिकची अख्खी थंडी तिच्यावर काढली. दुकानदार हीटरबरोबर पट्टी देतात पण वाचायची कशी ते कुणी सांगत नाही, आणि मग लोक म्हणतात पट्टी बोगस आहे. बोगस अजिबात नाहीये.

हिरवा दिसतो तो आकडा धरायचा. त्याच्या खालचा निळा दिसतो म्हणजे ते तापमान ओलांडून झालंय, वरचा तपकिरी-लालसर म्हणजे तिथवर अजून पोचलेलं नाही. आणि हिरवा कुठेच नसेल, नुसते निळा आणि तपकिरी शेजारीशेजारी असतील तर दोघांच्या मधलं तापमान समजायचं, एवढंच.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की या पट्टीत रंग म्हणून काही नाहीच! आत लिक्विड क्रिस्टल असतं, म्हणजे द्रवासारखं वाहणारं पण रेणू स्फटिकासारखे शिस्तीत लागलेलं द्रव्य, त्याचे रेणू गोल जिन्यासारखे पीळ घालून उभे असतात आणि त्या पिळाच्या मापाची जी प्रकाशलहर असेल तेवढीच ते परत फेकतात. ऊब वाढली की पीळ घट्ट होतो, मग लालवरून हिरवा, हिरव्यावरून निळा. उरलेला प्रकाश मागचा काळा थर पिऊन टाकतो म्हणून पट्टी काळी. हे असले पदार्थ पहिल्यांदा लक्षात आले १८८८ साली, फ्रिड्रिश राइनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला, कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ व्हायचा आणि १७८ च्या पुढे अचानक स्वच्छ, मधली ती गढूळ अवस्था म्हणजेच लिक्विड क्रिस्टल.

आता अडचणी. पट्टी काचेच्या बाहेर असते त्यामुळे ती पाणी आणि खोली दोन्हींच्या मधलं काहीतरी दाखवते, कडाक्याच्या थंडीत आत बुडवलेल्या काचेच्या थर्मामीटरपेक्षा माझी एखाद-दोन अंश कमीच दाखवायची, उन्हाळ्यात फरक जवळजवळ जातो. खिडकीच्या उन्हात तर लावूच नका, काळा थर तापतो आणि आकडा फुगतो, वर उन्हातल्या अतिनील किरणांनी लिक्विड क्रिस्टल हळूहळू खराब होतं. हीटरच्या अगदी पाठीमागेही नको. आणि अंधारात काही दिसत नाही, टॉर्च मारावा लागतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पट्टीला फक्त आत्ताचं कळतं. रात्री लाइट गेली, हीटर बंद पडला, पहाटे लाइट आली की सकाळी पट्टी परत २६ वर हिरवी, मधे पाणी किती उतरलं याचा पत्ताच नाही आणि गप्पी मात्र सुस्त पडलेले. यावर उपाय लिक्विड क्रिस्टल पॉलिमरमध्ये आहे असं मला मनापासून वाटतं. पट्टीत क्रिस्टल बारीक कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं, पॉलिमरमध्ये तोच पीळ प्लास्टिकच्या जाळ्यात पक्का बांधून टाकतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यापीठात अशा कोटिंगवर बरंच काम झालंय, त्यातली काही अशी की एकदा ठरावीक तापमानावर गेली की रंग बदलतो तो परत येत नाही, म्हणजे थंड ठेवायचा माल वाटेत तापला होता का ते नुसतं बघून कळेल. आमच्यासाठी उलटी हवी, पाणी गार पडलं की खूण ठेवणारी. तशी निघाली तर मी पहिली घेईन.

तोवर गप्पी, मोली, फायटर असले मासे असतील तर डोळे झाकून घ्या, स्वस्त आहे, बॅटरी नको, काच फुटायची भीती नाही आणि येताजाता नजर टाकली की हीटर चालूच राहून पाणी तापायला लागलंय का ते लगेच कळतं. डिस्कस मासे पाळणाऱ्यांनी मात्र प्रोब पाण्यात सोडायचा डिजिटल थर्मामीटरच घ्यावा, त्यांना २८ ते ३० च्या मधे सांभाळायचं असतं आणि तिथे दोन अंशांची चूक चालत नाही.