घर बंद करून जाताना: कुलूप, कॅमेरा, लॉकर की शेजारी?

गणपतीला आठवडाभर कोकणात, मे महिन्यात आजोळी, नाहीतर मुलाकडे सहा महिने अमेरिकेत. घर बंद करून जायचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो कॅमेरा बसव, दुसरा म्हणतो सोनं लॉकरला टाक, तिसरा विम्याचा फॉर्म पुढे करतो. सगळं एकदम झेपत असेल तर प्रश्नच नाही. झेपत नसेल तर आधी दार, मग सोनं, मग माणूस. कॅमेरा आणि विमा त्यानंतर.

दाराचं असं की, घरफोडीच्या बातमीत 'कडी-कोयंडा उचकटून' हे ठरलेलं असतं. कुलूप कितीही दणकट आणा, ते अडकवलेला कोयंडा अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर उभा असेल तर कटावणीचा एक हिसका पुरतो. कुलूप शाबूत, दार उघडं. शिवाय बाहेर लोंबणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की आत कोणी नाही. दाराच्या आत बसणारं इंटरलॉक महाग पडतं, पण बाहेरून घर बंद आहे की माणसं झोपली आहेत हे कळत नाही. तरी सुताराला एक गोष्ट विचाराच: त्याचा दांडा चौकटीत किती आत जातो, आणि तिथे पत्र्याची नुसती पट्टी आहे की जाड प्लेट? चौकटच भुसभुशीत असेल तर भारी लॉकचे पैसे पाण्यात. घरी लॅच असेल तर दार नुसतं ओढून निघू नका, किल्ली फिरवून डबल लॉक करा. बाहेरून सेफ्टी डोअर असेल तर उत्तमच, आवाज न करता दोन दारं फोडणं सोपं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणि बंगलेवाल्यांनी मात्र पुढच्या दाराआधी बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या आणि गच्चीचं दार बघावं.

सोनं घरात की लॉकरमध्ये? माझ्या मते यात तुलनाच नाही, लॉकर. कपाटातल्या साड्यांखाली आणि तांदळाच्या डब्यात चोर सगळ्यात आधी बघतो. पण लॉकर म्हणजे पूर्ण भरपाई, हा समज सोडा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा वेळी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडं २,००० रुपये असेल तर २ लाख. त्यात आज किती तोळे येतात ते सराफाला विचारा. तरीही घरच्या कपाटापेक्षा बँकेची तिजोरी फोडणं कितीतरी कठीण, आणि मुद्दा तोच आहे.

शेजारी आणि कॅमेरा यांतलं एकच निवडायचं तर मी डोळे मिटून शेजारी निवडेन. वायफाय कॅमेरा दोन-तीन हजारांत येतो, मोबाईलवर सूचना देतो, सगळं खरं. पण रत्नागिरीत बसून पुण्यातल्या घरात शिरलेला माणूस दिसला, तर पुढे काय? शेवटी फोन समोरच्या काकूंनाच. आणि आपल्याकडे गावाला निघताना मेन स्विच पाडायची सवय असते, त्यात राउटर बंद, कॅमेरा आंधळा. कॅमेरा लावलाच तर त्याची आणि राउटरची लाईन चालू ठेवा. शेजारी याउलट फुकटात बरंच करतात: दाराच्या कडीत खोचलेली जाहिरातीची पत्रकं काढतात, चुकून आलेली दुधाची पिशवी उचलतात, संध्याकाळी एखादा दिवा लावतात. पेपर आणि दूध बंद करायला आपण सांगायचं असतंच. वॉचमनला तारखा सांगायच्या की नाही, हे त्याला किती वर्षं ओळखता त्यावर. स्टेटसला गणपतीपुळ्याचे फोटो टाकायचा मोह परत येईपर्यंत आवरा.

विम्याचं गणित प्रवासाच्या लांबीवर बदलतं. एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही घराची प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. अशी आपत्ती आल्यावर सात दिवसांत त्यामुळे झालेली चोरी तिच्यात धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिने हवे असतील तर त्यांचा उल्लेख आणि किंमत स्वतंत्रपणे तपासा. आठवड्याच्या सहलीसाठी एवढा खटाटोप नको वाटला तर चालेल. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी मात्र घर सलग किती दिवस रिकामं राहिलेलं चालतं ही अट आधी वाचावी; ती मोडली तर हप्ते भरूनही दावा अडकू शकतो. दागिन्यांची बिलं आणि फोटो घराबाहेर, मुलाच्या मेलवर किंवा लॉकरमध्ये ठेवा.

आणि परत आल्यावर दार किलकिलं दिसलं, तर आधी आत धावू नका. चोर आतच असू शकतो, आणि कपाटाच्या मुठीवरचे ठसे आपल्याच हाताने पुसले जातात. खाली उतरून ११२ लावा. पंचनामा होईपर्यंत काही आवरू नका. एफआयआरची प्रत मागून घ्या, विमा कंपनी सगळ्यात आधी तीच मागते.