मॉडेल रेल्वेचे एचओ डबे घेताय? ‘काकांचं कलेक्शन’वाल्यापासून सावध राहा, माझे २१,८५० रुपये गेले

आठ डब्यांसाठी मी २१,८५० रुपये मोजले आणि घरात आलंय ते जत्रेतलं प्लास्टिक. हे सगळ्यांसमोर लिहायची लाज वाटते. पण मी गप्प बसले तर तो पुढचं गिऱ्हाईक गाठणार, म्हणून लिहितेय.

एचओमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ मापात, भारतीय रेक (अख्ख्या गाडीचे डबे) जमवणाऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. इंजिन एकदा घेतलं की झालं, खरा खड्डा पडतो तो डब्यांनी. परदेशी डबे त्यातल्या त्यात स्वस्त मिळतात, पण त्यांना निळा रंग फासला म्हणून आयसीएफ (आपल्या रेल्वेचा जुन्या बनावटीचा डबा) होत नाही. खिडक्या वेगळ्या, दारं वेगळी, छताची गोलाई वेगळी. आपले डबे बनवणारे हात मोजके, आणि नंबर लागेपर्यंत वाट पाहायची. मला डेक्कन क्वीनचा जुना आयसीएफ रेक हवा होता, डायनिंग कारसकट. २०२२ च्या जूनमध्ये गाडीला नव्या बनावटीचे एलएचबी डबे लागले आणि जुना रेक गेला, तेव्हापासून तो निदान माझ्या लेआउटवर, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रुळांवर तरी धावावा असं मनात होतं. एका कारागिराने डब्याला ५,२०० सांगितले होते, म्हणजे आठाचे ४१,६००. तेवढे माझ्याकडे नव्हते.

अशा वेळी एका ग्रुपवर जाहिरात दिसली. आठ डबे, प्रत्येकी २,४००, धातूची चाकं, आत दिवे. खाली मजकूर: ‘काका वारले, त्यांचं कलेक्शन आहे. मला यातलं काही कळत नाही. आवड असणाऱ्याकडे जावेत एवढीच इच्छा.’

मी डोळे मिटून पैसे टाकले नाहीत, हे आधी स्पष्ट करते. आयसीएफ डब्याची बॉडी २१,३३७ मिलिमीटर, भागिले ८७, म्हणजे साधारण २४५ मिलिमीटर. मी त्याला लिहिलं, ‘डबा २४५ आहे ना? फुटपट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवा.’ फोटो आला. डब्याचं उजवं टोक बरोबर साडेचोवीसवर. फुटपट्टीचं शून्याकडचं टोक मात्र फोटोत नव्हतंच, कापलेलं. आणि २४५ हा आकडा मीच त्याच्या हातात दिला होता! माप विक्रेत्याला सांगू नका, त्याच्याकडून काढून घ्या.

पण मला रात्री अजून टोचतं ते पुढचं वाक्य. मी विचारलं, ‘चाकांचं बॅक टू बॅक किती आहे?’ उत्तर आलं, ‘मॅडम बॅक साइडपण फ्रंटसारखीच आहे, एकदम सेम.’

तिथेच फोन खाली ठेवायला हवा होता. ज्याच्या घरात एवढं कलेक्शन आहे त्याला दोन चाकांमधलं अंतर माहीत नाही? पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं ना, मला यातलं काही कळत नाही म्हणून! ज्याचा काका नुकताच गेलाय त्याला १४.४ मिलिमीटर कसं ठाऊक असणार, असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. उलट तो प्रामाणिक वाटला. या माणसाची सगळी चलाखी इथेच आहे. तुमच्या प्रत्येक शंकेचं उत्तर त्या काकांच्या गोष्टीत आधीच पेरलेलं असतं. भाव कमी का? घाई आहे. बिल का नाही? काकांनी ठेवलं नाही. गाडी चालवून व्हिडिओ का नाही? कंट्रोलर दुसऱ्याला विकला.

९,६०० आगाऊ दिले. मग पॅकिंग आणि विम्याचे १,१५०. मग ‘पार्सल काउंटरवर आहे’ म्हणून उरलेले ९,६००. पार्सल आलं. डबे २०० मिलिमीटरचे, म्हणजे ते कुठल्याच स्केलचे नाहीत. खिडक्या म्हणजे स्टिकर. चाकं प्लास्टिकची, आत दिवे सोडा, सीटसुद्धा नाहीत. वजन ८८ ग्रॅम. मॉडेल रेल्वेवाल्यांची अमेरिकेतली संघटना एनएमआरए, तिच्या शिफारशीप्रमाणे २४५ मिलिमीटरच्या एचओ डब्याचं वजन १६५ ग्रॅमच्या आसपास हवं. पहिल्याच पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागी, रेक रुळावरून उतरला. विकत घ्यायच्या आधी डबा काट्यावर ठेवलेला फोटो मागा, वजन खोटं बोलत नाही.

मी भडकून फोन केला तर म्हणाला, चुकून दुसरा बॉक्स गेला, रिटर्न पिकअपची १,५०० अनामत भरा, सगळे पैसे परत मिळतील. २०,३५० अडकलेले असताना माणूस १,५०० भरतो. मीही भरले. त्यानंतर नंबर बंद.

आता पुढचं ऐका. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला, आणि बस. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे, आम्ही काही करू शकत नाही. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी मलाच विक्रेत्याचा पत्ता विचारला. पत्ता असता तर मीच नसते गेले? सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग ही फसवणूक नाही, हा देण्याघेण्याचा वाद. म्हणजे रिकामा बॉक्स आला असता तर गुन्हा, आणि कचरा भरून आला तर वाद! तो कचरा पाठवतो तो याचसाठी, कुरियरची ‘डिलिव्हर्ड’ नोंद त्याच्या कामी येते.

पोलीस चौकीत तर साहेब हसले. ‘खेळण्यातल्या डब्यांना एकवीस हजार? मुलाला दुसरी गाडी घेऊन द्या की.’ मला मूल नाही, आणि हे खेळणं नाही. ज्या पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून उभं आहे, त्या पुण्यात हे ऐकून घ्यायचं? शंभर रुपयांचं पाकीट मारलं तरी ती चोरीच ना? चौकीतून मला एक कागदही मिळाला नाही. नंतर एका वकील ओळखीच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं: खोटं सांगून पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी, पोस्टाने पाठवता येते. मी पाठवली आहे, पोहोच जपून ठेवली आहे. तोंडी काही सांगत बसू नका.

ग्रुपच्या अॅडमिनने माझी पोस्ट ‘वातावरण बिघडतं’ म्हणून काढून टाकली. जाहिरात मात्र तशीच ठेवली होती.

पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, चिठ्ठीवरच्या पत्त्यापासून सुरुवात करून. मी काढला नव्हता, म्हणून डबे तुम्हीच बदलले असं ऐकून घ्यावं लागतं. पूर्ण पैसे आधी कुणालाच देऊ नका, ग्रुपवर दहा वर्षं असला तरी. डबा घेणाऱ्याने पॉइंटवरून डबा जातानाचा व्हिडिओ मागावाच, आणि त्यात आजच्या तारखेचं वर्तमानपत्र ठेवायला सांगावं. नुसतं सरळ रुळावर काहीही धावतं.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, तीच कापलेली फुटपट्टी. यावेळी एलएचबी रेक आहे, भाव २,६००, आणि वारलेले आहेत मावशीचे यजमान. एलएचबीची बॉडी एचओमध्ये २७० मिलिमीटर यायला हवी, आणि फोटोतला डबा अजून साडेचोवीसवरच आहे. ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर लगेच, त्याच तासात फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. तक्रार क्रमांक मलाही कळवा, मी माझ्या अर्जाला जोडते.