‘प्रिंट-रेडी’ फोटोंच्या नावाखाली चाललेली लूट

चतुर्थीच्या सुमाराला गोव्यात होमस्टे आणि रेस्टॉरंटवाल्यांची ब्रोशर, मेनूकार्डं छापून घ्यायची लगबग असते. नेमके त्याच वेळी ‘फोटो सीएमवायके करून देतो, रंगांची गॅरंटी’ असं सांगणारे भेटतात. सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शायांतले रंग; कॅमेरा आणि स्क्रीनवरचा फोटो मात्र आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा या प्रकाशांत असतो. बार्देशातल्या एका होमस्टेवाल्यांना यात चांगलंच गंडवलं गेलं. त्यांच्या फाइली उघडल्यावर काय दिसलं ते छपाईच्या धंद्यातले लोक म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

फोटोग्राफरने फोटो अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८) प्रोफाइलसह दिले होते. प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा नेमका रंग कोणता ते सांगणारी माहिती. ‘कन्व्हर्जन’वाल्याने प्रत्येक फोटोचे पैसे लावले, बिलावर ‘सीएमवायके’ लिहिलं आणि प्रत्यक्षात फक्त सेव्ह करताना ‘आयसीसी प्रोफाइल’समोरची टिक काढून टाकली. फाइल आरजीबीच राहिली, वर तिचं प्रोफाइलही गेलं. असा फोटो लेआउटमध्ये इम्पोर्ट केला की सॉफ्टवेअर त्याला आपलं ठरलेलं प्रोफाइल लावतं, बहुतेक वेळा एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीचं नेहमीचं, कमी रंग मावणारं प्रोफाइल. एसआरजीबीतला भडक लाल २५५, ०, ० (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) हा अ‍ॅडोबी आरजीबीत साधारण २१९, ०, ० असा लिहिला जातो. तो २१९ एसआरजीबी समजून वाचला की लाल उतरतो, हिरवा तर त्याहून जास्त. जांभ्याच्या भिंती मातकट झाल्या, पोफळी सुकल्यासारख्या दिसायला लागल्या.

मग तोच माणूस म्हणाला, ‘फोटोच डल आहेत, करेक्शन करावं लागेल.’ त्याचं बिल वेगळं! रंग आपणच उतरवायचा आणि तो चढवायचे पैसे पुन्हा घ्यायचे, याची आम्हाला सगळ्यात जास्त चीड आहे. करेक्शन म्हणजे सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली होती. स्क्रीनवर फोटो खुलतो, पण तेवढे तीव्र हिरवे-निळे रंग शाईत बसतच नाहीत. छापल्यावर झावळ्यांमधला उजेड-सावलीचा फरक जातो आणि एकच सपाट हिरवा डाग उरतो. शेवटी केलेलं सीएमवायके होतं फोटोशॉपमध्ये आधीपासून असलेल्या ‘यूएस वेब कोटेड स्वॉप’चं. ते अमेरिकेतल्या वेब ऑफसेटसाठी, म्हणजे कागदाच्या सलग रोलवर छापणाऱ्या मशीनसाठी. आपल्याकडे आर्टपेपरवर, सुटे कागद घेणाऱ्या शीटफेड मशीनला काय चालतं ते प्रेसला विचारायचं असतं. अनेक जण फोग्रा ३९ (फोग्रा या जर्मन छपाई-संस्थेच्या मोजमापांवरचं प्रोफाइल) सांगतात.

ही लबाडी पकडायला फार वेळ लागत नाही. फोटोशॉपमध्ये फाइल उघडा आणि वरच्या पट्टीत नावापुढच्या कंसात बघा. ‘आरजीबी/८’च्या पुढे # दिसलं तर प्रोफाइल नाही, * दिसला तर प्रोफाइल आहे, फक्त तुमच्या वर्किंग स्पेसपेक्षा (फोटोशॉपमध्ये ठरवून ठेवलेल्या प्रोफाइलपेक्षा) वेगळं. ‘इमेज – मोड’मध्ये आरजीबीवर टिक असेल तर सीएमवायकेचं बिल खोटं. ‘असाइन प्रोफाइल’ने आकडे तसेच राहून दिसणं बदलतं, ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने आकडे बदलून दिसणं शक्य तितकं तसंच राहतं. म्हणून एसआरजीबीत कन्व्हर्ट केल्याचा दावा असेल, तर मूळ आणि परत आलेल्या फोटोवर एकाच भडक रंगाच्या जागी इन्फो पॅनेलमधले आकडे पडताळा; ते तसेच असतील तर कन्व्हर्ट केलेलंच नाही. राखाडी जागा घेऊ नका, तिथे या दोन प्रोफाइलांत जवळजवळ फरकच पडत नाही.

मेनूकार्डाचं तर अख्खं पान कन्व्हर्ट केलं होतं. त्यामुळे के १०० (फक्त काळी शाई) असलेली काळी अक्षरं चार शायांत गेली. रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही शायांचं एकावर एक नेमकं बसणं, केसभर हललं तरी देवनागरीतल्या बारीक मात्रा आणि अनुस्वारांना रंगीत कड येते. यावर ‘पावसाळ्यात असंच होतं’ हे उत्तर मिळालं. पावसाळ्यात कागद ओल धरून ताणतो, रजिस्ट्रेशन हलतं, शाई उशिरा सुकते, हे सगळं खरं. पण काळ्या शाईतलीच अक्षरं असती तर कड आलीच नसती, आणि दमट हवेने प्रत्येक फोटोतली पोफळ सुकत नाही.

‘प्रूफ’ म्हणून साधा लेझर प्रिंट हातात ठेवला तर घेऊ नका. काँट्रॅक्ट प्रूफवर (छपाईचे रंग ज्याच्याशी जुळवायचे त्या पक्क्या नमुन्यावर) फोग्राची ७२ चौकटींची रंगपट्टी असते आणि ती मोजलेल्याचा अहवाल सोबत येतो.

काम देण्याआधी फोटोशॉपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-के दाबून ‘कलर सेटिंग्ज’ उघडा. ‘प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स’ निवडा, मिसमॅच आणि मिसिंग या दोन्हींपुढे ‘आस्क व्हेन ओपनिंग’वर टिक करा. इनडिझाइनमध्ये सीएमवायकेसाठी ‘प्रिझर्व्ह नंबर्स’ ठेवा, म्हणजे काळी अक्षरं काळीच राहतात. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर द्या.

बिलावर ‘अमुक प्रोफाइलमधून अमुक प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट’ असं लिहून घ्या आणि मूळ फाइली जपून ठेवा. एकदा सीएमवायके झालेल्या फोटोतून गेलेला रंग आरजीबी करून परत येत नाही. पैसे गेलेच असतील तर मूळ फाइल, परत आलेली फाइल आणि बिल हाताशी घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.