क्रिटावर हॉरर गेमचं कव्हर: काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते. एकट्यादुकट्याने गेम करणाऱ्याला ऑनलाइन स्टोअरचं कव्हर रंगवायला क्रिटा हा चित्रं रंगवायचा प्रोग्राम पुरतो, आणि हॉररसाठी तर तो खास उपयोगी पडतो. लोगोसाठी, म्हणजे गेमच्या नावाच्या अक्षरांसाठी, मात्र सोबतीला इंकस्केप हा रेषा-आकारांचा प्रोग्राम घ्या. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतात.

माझा गेम छोटा आहे. पंपघरात रात्रपाळी करणारी एक बाई, खाली पाण्याचं खोल टाकं, टाक्यात उतरणारी लोखंडी शिडी. गेममध्ये भीती येते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. कव्हरला ही चैन परवडत नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या स्टोअरवर लहान कॅप्सूल (यादीत दिसणारं कव्हरचित्र) आपण ४६२×१७४ पिक्सेलची चढवतो, पण स्टीम त्यातून १८४×६९ आणि १२०×४५ अशा आवृत्त्या स्वतःच काढतं. शोधाच्या यादीत लोकांना आपण पहिल्यांदा दिसतो ते या आकारात. एवढ्याशा चौकटीत ‘काहीतरी लपलंय’ हे दाखवायचं तर लपवणारा अंधार आधी अंधार म्हणून ओळखू यायला हवा.

आणि इथेच हॉररवाल्यांची पंचाईत होते. स्टीमचं पान मुळातच गडद, निळसर काळं. आपण हौसेने कडेपर्यंत काळं रंगवतो आणि ते काळं पानात मिसळून जातं. मग चौकट दिसतच नाही, मध्ये कुठेतरी एक पांढुरका डाग तरंगत राहतो. माझ्या कव्हरमधला सगळ्यात गडद काळा आता मधोमध आहे, पाण्यात. कडांकडे तो हिरवट राखाडीपर्यंत उचललाय. मोठ्या चित्रात हे जरा फिकं वाटतं, पण लहान आकारात चौकट घट्ट उभी राहते.

क्रिटाची मला सगळ्यात जास्त लागलेली सोय अगदी साधी आहे. विंडो मेनूतून त्याच चित्राचा दुसरा व्ह्यू उघडायचा, तो बारीक करून कोपऱ्यात ठेवायचा आणि मोठ्या व्ह्यूत रंगवत राहायचं. प्रत्येक फटकाऱ्यासरशी कोपऱ्यातलं थंबनेल बदलतं. त्यावर रंग काढून टाकणारा एक फिल्टर लेयर (चित्रावरचा थर) सगळ्यात वर ठेवलाय, डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं की चित्र राखाडी. उजेड-अंधाराची मांडणी राखाडीत उभी राहत नसेल तर रंगाने ती वाचत नाही. आरशासारखं उलटं बघायला एम दाबायचं, तेही दिवसातून कितीदा होतं याचा हिशेब नाही.

या कोपऱ्यातल्या व्ह्यूनेच चित्राचा विषय ठरवला. मूळ कल्पनेत पाण्याखालून वर बघणारा चेहरा होता. मोठ्या आकारात तो फार छान दिसायचा, मला अजूनही आवडतो. १८४ पिक्सेल रुंदीत त्याचे तीन ठिपके होत. शिडीच्या पायरीला खालून धरलेला हात मात्र त्याच आकारात लगेच ओळखू येतो: आडवी रेघ, तिच्यावर चार बोटं. शिवाय हात दिसला की बाकीचं शरीर बघणारा स्वतःच पाण्यात कल्पून घेतो. चेहरा आता कव्हरवर नाही, गेममध्ये आहे.

आता आकारांचा जाच. स्टीमच्या सध्याच्या मापांत हेडर ९२०×४३०, मुख्य कॅप्सूल १२३२×७०६, उभी ७४८×८९६, लायब्ररीतली (खेळाडूने घेतलेल्या गेमच्या यादीतली) उभी ६००×९००, आणि लायब्ररी हिरो (त्या यादीत गेमच्या पानावरचं रुंद चित्र) ३८४०×१२४०. इच या दुसऱ्या गेम स्टोअरवर ६३०×५०० सुचवतात. एकच चित्र कातरून हे सगळं भागत नाही. आडव्यात शिडी तुटते, उभ्यात टाकं गायब होतं. इथे क्रिटाचे फाइल लेयर कामी आले. हात, शिडी, पाणी, बॅटरीचा झोत, प्रत्येकाची वेगळी फाइल. आणि प्रत्येक आकाराच्या फाइलमध्ये त्या फक्त जोडलेल्या. जागा आणि माप ट्रान्सफॉर्म मास्कने ठरवायचं, मूळ चित्राला हात लागत नाही. बोटाचं नख एका ठिकाणी बदललं की सगळ्या कॅप्सूलमध्ये बदलतं. ही सवय लागल्यावर मला दुसरी पद्धत नकोशी झाली. याची किंमत आहेच: फाइल उघडायला वेळ लागतो, मास्क वाढले की ब्रश मागे पडतो, आणि फोल्डरची नावं बदलली तर जोडण्या तुटतात. नावं पहिल्याच दिवशी पक्की करा.

लायब्ररी हिरोवर मजकूर नको असतो, लोगो वेगळ्या पारदर्शक पीएनजीत जातो. मधला ८६०×३८० चा भाग सुरक्षित धरायचा, बाकीचं खिडकीच्या आकाराप्रमाणे कापलं जाऊ शकतं. माझा हात तिथेच बसवलाय.

गडद चित्रांचा आणखी एक रोग म्हणजे पट्टे. काळ्याकडून गर्द हिरव्याकडे जाणारा मऊ उतार ८ बिटमध्ये (म्हणजे रंगाच्या कमी छटांत) रंगवला की त्यात पायऱ्या दिसू लागतात. क्रिटात १६ बिटमध्ये काम करता येतं, आणि डिसेंबर २०२१ च्या ५.० आवृत्तीपासून ग्रेडियंट पुष्कळ सुधारले. तरी शेवटी चित्र ८ बिटमध्येच बाहेर पडतं, म्हणून उतारावर किंचित नॉइज (बारीक दाणे) पेरते. किंचितच. जुन्या फिल्मसारखा जाड दाणा हॉररमध्ये सगळ्यांना आवडतो, पण स्टोअरवर चित्र जेपीजी होऊन लहान झालं की त्या दाण्याचा नुसता चिखल होतो. दाणा ट्रेलरमध्ये वापरा.

लोगो. क्रिटाच्या ५.२ आवृत्तीपर्यंत मजकूर वेगळ्या खिडकीत लिहावा लागतो, आणि अक्षरांमधलं अंतर डोळ्याने जुळवणं त्यात कंटाळवाणं आहे. इंकस्केपमध्ये अक्षरं पाथमध्ये बदलून एकेक बिंदू हलवता येतो, मग ती एसव्हीजी (रेषांची) फाइल क्रिटात व्हेक्टर लेयर म्हणून आणायची. रक्त ओघळणारे, ओरखडलेले फॉन्ट मी शेवटी बाजूला ठेवले. लहान आकारात ओरखडे म्हणजे केवळ मळ, अक्षर अस्वच्छ दिसतं एवढंच. माझा लोगो साधा, जाड आणि अरुंद आहे, फक्त एका अक्षराचा पाय पाण्यात बुडल्यासारखा अर्धा कापलाय. लहान कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी रुंदी घ्यावी, चित्र मागे फक्त वातावरणापुरतं. चित्रकाराच्या जिवावर येतं, पण नाव वाचता आलं नाही तर बाकी सगळं फुकट. फॉन्टचा परवानाही वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असलेले भीतीदायक फॉन्ट नेटवर भरपूर आहेत. ओपन फॉन्ट लायसन्सवाले व्यावसायिक कामाला चालतात.

कव्हरवर नाव आणि अधिकृत उपशीर्षक सोडून काही लिहायचं नाही, हा स्टीमचा नियम १ सप्टेंबर २०२२ पासून आहे. पारितोषिकं, रिव्ह्यूतली वाक्यं, सवलतीचा आकडा, सगळं बाद. मला हा नियम मनापासून आवडतो. मोठ्या जाहिरातबाजांची गर्दी त्यामुळे थोडी तरी कमी झाली.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: लाल टाळा. ऑक्टोबरात स्टीमचा स्क्रीम फेस्ट असतो तेव्हा हॉररची यादी उघडून बघा. काळ्यावर लाल, लाल डोळे, लाल दार. त्या रांगेत वेगळं दिसतं ते आजारी पिवळं, गढूळ हिरवं, ट्यूबलाइटचा थंड पांढरा. माझ्या कव्हरवर एकच उबदार रंग आहे, शिडीचा गंज, आणि तोही हाताच्या जवळच, म्हणजे डोळा तिकडे जातो.

या सगळ्याने फायदा झाला का? स्टीमवर्क्सच्या (गेम करणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटच्या) ट्रॅफिक अहवालात चित्र किती वेळा दिसलं आणि त्यातून पानावर किती जण आले ते कळतं. चेहऱ्याऐवजी हात लावल्यानंतरचे आठवडे मला बरे दिसतात, पण हा पुरावा कच्चा आहे. गूगल प्लेवर दोन चित्रं एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तपासता येतात. स्टीमवर आपण एक काढून दुसरं लावतो, आणि मध्येच एखाद्या स्ट्रीमरने गेम खेळला की आकडे कशामुळे हलले हे सांगता येत नाही. म्हणून आकड्यांपेक्षा मी गेम न पाहिलेल्या लोकांना थंबनेल क्षणभर दाखवून ‘काय दिसलं’ एवढंच विचारते. ‘हात’ आणि ‘पाणी’ आलं की बास.

मशीनचं म्हणाल तर हिरोची १६ बिट फाइल ८ जीबी रॅमवर रडवते, १६ वर निभतं. आणि ज्यांना रंगवण्याची मुळीच सवय नाही, गेमची थ्रीडी मॉडेल मात्र तयार आहेत, त्यांनी क्रिटाच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्येच प्रत्येक मापासाठी वेगळा कॅमेरा लावावा, दिवा हलवावा आणि रेंडर काढावेत. क्रिटात फक्त कडा उचलायला आणि लोगो बसवायला यावं.