गंजलेलं युद्धकालीन पिस्तूल: उजळायचं की आहे तसं जपायचं?

दुसऱ्या महायुद्धातलं एखादं पिस्तूल गंजलेल्या अवस्थेत हाती आलं की बहुतेकांना पहिल्यांदा सँडपेपर आठवतो. निर्णय होईपर्यंत तो लांबच ठेवा, कारण एकदा घासून गेलेलं पुन्हा परत आणता येत नाही.

त्याआधीच्या दोन गोष्टींवर चर्चा नको. पिस्तूल भरलेलं आहे असंच धरून चाला. गंजाने जाम झालेल्या स्लाइडमागे (वरच्या सरकत्या भागामागे), चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, जुनं काडतूस अडकलेलं असू शकतं, आणि जाम सोडवायला ज्योत दाखवणं किंवा हातोडी घालणं म्हणजे आपल्याच हाताने अपघात ओढवून घेणं. खात्री करून घेण्याचं काम जाणकार कारागिराचं. दुसरी गोष्ट परवान्याची. न चालणारं, गंजून गेलेलं पिस्तूलही पुष्कळ देशांत कायद्याने हत्यारच असतं. ते आपल्याजवळ ठेवता येतं का, हे आधी स्पष्ट करून घ्या.

आता मूळ प्रश्न. जपायचं म्हणजे चालू गंज थांबवायचा, सुटा गंज काढायचा, तेल किंवा मेण लावायचं आणि थांबायचं. उजळायचं म्हणजे गंज मुळापासून काढायचा, खड्डे घासून सपाट करायचे, लागलं तर पुसट झालेली अक्षरं पुन्हा कोरायची आणि वर नवा थर चढवायचा. संग्रहालयांच्या जगातही या दोन्हींत फरक करतात. २००८ साली नवी दिल्लीत झालेल्या आयकॉमच्या, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, संवर्धन समितीच्या बैठकीत जी परिभाषा ठरली, तिच्यात नुकसान थांबवण्यासाठी केलेला उपचार आणि वस्तूचं रूप परत आणण्यासाठी केलेलं काम हे वेगवेगळे धरले आहेत. घरी मात्र लोक दोन्हींना ‘साफ करणं’ म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो.

गंजाखाली काय उरलंय?

सगळा निर्णय यावर आहे. पिस्तुलाचा निळसर काळा रंग हा पेंट नव्हे. ब्लूइंग म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट. लाल गंज हाही ऑक्साइडच. त्यामुळे गंज खाणारी बहुतेक द्रावणं ब्लूइंगही खातात. व्हिनेगर खातं, फॉस्फोरिक आम्ल खातं, ‘धातूला अपाय नाही’ असं छापलेली सौम्य द्रावणंही खातात. त्यांचं म्हणणं खरं असतं, धातूला अपाय होत नाही. पण रात्रभर बुडवून सकाळी बाहेर काढलं की हातात करडं, उघडं पोलाद येतं. इलेक्ट्रोलिसिसचंही तेच, शिवाय आम्ल असो वा वीज, हायड्रोजनमुळे स्प्रिंगा ठिसूळ होण्याचा धोका वेगळा.

म्हणून पहिली परीक्षा तेलाची. मुठीच्या फळीजवळचा, सहज नजरेत न येणारा एक कोपरा निवडा. तेलाचे दोन थेंब टाका, दिवसभर मुरू द्या, मग सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल किंवा पितळी लोकर हलक्या हाताने फिरवा. तेल लगेच विटकरी होईल. ते पुसा, नवं घाला, पुन्हा फिरवा. लाल थर निघून खाली काळसर निळा रंग दिसला, तर मूळ ब्लूइंग जिवंत आहे आणि उजळण्याचा विषय तिथेच संपला. खाली करडे खड्डे दिसले, तर पुढचा विचार करायला हरकत नाही.

याच रसायनाचा एक फायदाही आहे. सुटे केलेले पोलादी भाग शुद्ध पाण्यात उकळले की घट्ट बसलेला लाल गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वर आलेली काळी भुकटी मऊ ब्रशने काढायची, भाग लगेच कोरडे करून तेल लावायचं. जुन्या पद्धतीचं रस्ट ब्लूइंग याच तत्त्वावर चालायचं: मुद्दाम गंज आणायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा तेच. यात आम्ल नाही, कानस नाही, धातूचा कण जात नाही. माझ्या मते जपणं आणि उजळणं यांच्यामधला हाच सगळ्यात शहाणा मार्ग आहे. मात्र लाकडी किंवा बेकेलाइटच्या (जुन्या काळच्या प्लास्टिकच्या) फळ्या आधी उतरवायच्या. त्या उकळत्या पाण्यात जाता कामा नयेत.

उजळल्यावर नेमकं काय जातं

ठसे. लोखंडावर अक्षर ठोकलं की त्याच्या कडेने धातू किंचित वर उचलला जातो. बोट फिरवलं तर ती धार जाणवते. पॉलिशच्या चाकावर सगळ्यात आधी तीच जाते. मग अक्षरं धुतल्यासारखी दिसतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, धारदार कोपरे गोल होतात. नवा थर कितीही सुंदर असो, जाणकाराला हे हातभर अंतरावरून कळतं.

आणि युद्धकालीन पिस्तुलाची ओळख या ठशांतच असते. पी ३८ या जर्मन लष्करी पिस्तुलावर ‘एसी’ ही खूण असेल तर कारखाना वॉल्थर, ‘बीवायएफ’ असेल तर माउझर, ‘सीवायक्यू’ असेल तर श्प्रेवेर्क. ल्युगर या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाच्या लहानसहान भागांवरही क्रमांकाचे आकडे असतात. ते जुळतात की नाही यावर किंमत ठरते. अमेरिकी सैन्याच्या एम १९११ए१ वर कारखान्याचं नावच असतं. त्यात सिंगर, म्हणजे शिलाई मशीनवाली कंपनी, निघाली तर हात जोडून बाजूला व्हा: त्यांनी फक्त ५०० पिस्तुलं बनवली होती.

वरचा थरसुद्धा पुरावा असतो. माउझरच्या ल्युगरवर १९३७ च्या सुमारापर्यंत रस्ट ब्लूइंग असायचं आणि ट्रिगरसारखे छोटे भाग पेंढ्याच्या पिवळ्या रंगाचे असायचे. नंतर सगळंच गरम क्षारांच्या ब्लूइंगमध्ये जाऊ लागलं. युद्धातल्या बहुतेक एम १९११ए१ ना तर चकाकी नव्हतीच, त्यांच्यावर फॉस्फेटचा मंद करडा थर असायचा, ज्याला पार्करायझिंग म्हणतात. असं पिस्तूल आरशासारखं काळं करून आणणं म्हणजे खर्च करून ते खोटं करणं. शेवटच्या काळातल्या पी ३८ वर, विशेषतः श्प्रेवेर्कच्या, यंत्राच्या ओबडधोबड खुणा तशाच सोडलेल्या दिसतात. कारखान्याला घाई होती. ती घाई पॉलिश करून काढायची कशाला?

मग उजळणं चुकीचंच का?

नाही. काही पिस्तुलांच्या बाबतीत जपण्याचा आग्रह हा नुसता सोवळेपणा असतो. आकडे न जुळणारं, आधीच कुणीतरी एकदा ब्लूइंग करून बिघडवलेलं, निकलचा मुलामा दिलेलं किंवा सर्वत्र खड्डे पडून मूळ थराचा मागमूस न उरलेलं, आणि मुळात दुर्मीळ नसलेलं पिस्तूल असेल, तर गमावण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. तिथे चांगल्या कारागिराकडून, त्या मॉडेलला आणि त्या वर्षाला शोभेल असाच थर चढवून घेतला तर मी तरी नाक मुरडणार नाही. फक्त पैसे वसूल होतील या आशेवर करू नका. चांगलं काम महाग असतं, आणि संग्राहक नव्याने ब्लू केलेल्या पिस्तुलाला मूळ थर असलेल्यापेक्षा बरीच कमी किंमत देतात.

उजळलं म्हणजे ते झाडण्यालायक झालं, हाही गैरसमज. नळीतले आणि चेंबरमधले खड्डे नव्या थराने भरून निघत नाहीत. उलट घासल्यामुळे धातू आणखी पातळ होतो. झाडायचं असेल तर तपासणी वेगळी, आणि खड्डे खोल असतील तर उत्तर ‘नाही’ हेच.

जमिनीतून निघालेल्या पिस्तुलाचा मामला निराळा. त्यात मातीतले क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार, शिरलेले असतात. वरून कोरडं दिसतं, पण दमट हवेत त्यावर घामासारखे थेंब येतात आणि पापुद्रे सुटतात. तेल-मेणाने ते थांबत नाही. क्षारीय द्रावणात दीर्घकाळ ठेवून क्लोराइड बाहेर काढावे लागतात आणि ते संवर्धकाचं काम आहे. अशा पिस्तुलात उजळायला धातूच शिल्लक नसतो. वरचा आकार कित्येकदा निव्वळ गंजाचाच असतो.

सोबत कागद असतील, म्हणजे सैनिकाने ते घरी आणल्याचा परवाना किंवा क्रमांक लिहिलेली पावती, तर तुलना थांबवा आणि जपा. पिस्तूल आणि कागद एकमेकांचे साक्षीदार आहेत.

जपायचं ठरलं तर पुढचं काम थोडं आहे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यात आम्लं आणि क्षार असतात, आणि बऱ्याच पिस्तुलांचा गंज तिथूनच सुरू झालेला असतो. होल्स्टर शेजारी ठेवा. धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, हातमोजे घालून उचला, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा, सिलिका जेल वेळोवेळी बदला. मुठीच्या फळ्यांखाली वर्षातून एकदा डोकावा, कारण घाम तिथेच साचलेला असतो.

उजळायचं ठरलं तर कारागिराकडे देण्याआधी प्रत्येक ठशाचा तिरक्या प्रकाशात फोटो घ्या. पॉलिश हाताने करणार की चाकावर, हे विचारा. चाक म्हणाला तर दुसरा माणूस शोधा. बदललेले सगळे जुने भाग, मोडकी स्प्रिंगसुद्धा, परत मागून घ्या आणि काय काय केलं ते लिहून पिस्तुलासोबत ठेवा, म्हणजे पुढे घेणाऱ्याची फसवणूक होणार नाही.